पोटात जाणाऱ्या दुर्बिणीलाही हवी रोजनिशी

बंगळुरूच्या जे. पी. नगरात पहिल्यांदा येणारा पाहुणा एकदा तरी रस्ता चुकतोच. हातातल्या कागदावर 'पाचवा क्रॉस' एवढेच लिहिलेले असते. रिक्षावाला विचारतो, "कोणता फेज?" आणि पाहुणा गोंधळतो. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव मिरवणारी ही वसाहत अनेक फेजमध्ये पसरली आहे. एका फेजमध्ये जो क्रॉस, जो मेन, त्याच क्रमांकाचा दुसऱ्या फेजमध्येही सापडतो. फेज, मेन, क्रॉस आणि घराचा क्रमांक, यांपैकी एक दुवा जरी सुटला तरी पाहुणा भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

समजा, अशाच एका घरी सांगलीचे एक आजोबा मुलाकडे राहायला आले आहेत. महिनाभर पोटात जळजळ, जेवणावर वासना नाही. डॉक्टरांनी सांगितले, 'दुर्बिणीतून तपासणी करून घेऊ.' रात्री जेवताना आजोबा सहज विचारतात, "काय रे, ती नळी माझ्या आधी कुणाच्या पोटात गेलेली असेल?"

मुलगा हसतो. "बाबा, काहीतरीच काय! धुतात की ती स्वच्छ."

सून मात्र हसत नाही. "अहो, बाबा विचारतात ते बरोबरच आहे. घरातला डबा शेजारी गेला तरी परत आल्यावर आपण झाकण त्याचंच आहे ना, हे बघतो. इथे तर पोटात जायची वस्तू."

आजोबांचा प्रश्न वरवर भाबडा वाटला तरी तो अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. आधीच्या रुग्णाचे नाव त्यांना कुणी सांगणार नाही, आणि सांगूही नये. पण ही दुर्बीण कितव्या क्रमांकाची, तिला लावलेली बटणे तिचीच आहेत का, ती केव्हा धुतली, कुणी धुतली, कुठे ठेवली होती आणि आधी कोणत्या नोंदणी क्रमांकाच्या रुग्णासाठी वापरली, हे रुग्णालयाला स्वतःला तरी क्षणात सांगता आले पाहिजे. स्वच्छता जितकी महत्त्वाची, तितकीच स्वच्छतेची ही नोंद महत्त्वाची.

उकळता न येणारे उपकरण

पोटातली दुर्बीण म्हणजे एंडोस्कोप. बोटाएवढी जाड, सुमारे एक मीटर लांबीची, हवी तशी वळणारी नळी. तिच्या जन्मकथेत एका भारतीयाचाही वाटा आहे. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते, हे दाखवून दिले. त्याच तत्त्वावर १९५७ साली अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी जठर तपासणारी पहिली लवचीक दुर्बीण वापरात आणली. आज काचतंतूंची जागा टोकावरच्या इवल्या कॅमेऱ्याने घेतली आहे. पोट न फाडता व्रण पाहता येतो, रक्तस्राव थांबवता येतो, कर्करोगाची शंका असेल तर मांसाचा कण काढून तपासता येतो. या नळीने किती जीव वाचवले, याची गणती नाही.

मात्र ही नळी जितकी गुणी, तितकीच नाजूक. शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमटे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करता येतात. लवचीक दुर्बीण तशा वाफेत घातली तर तिचे भिंग, जोड आणि आवरण टिकत नाही. त्यामुळे तिला रसायनांवर भागवावे लागते. ग्लुटारल्डिहाइड किंवा तत्सम द्रावणात ठरावीक वेळ बुडवून, आतल्या बारीक वाहिन्यांतूनही ते द्रावण फिरवून तिचे निर्जंतुकीकरण होते. या कामात हातचलाखी चालत नाही. आत शेम किंवा रक्ताचा थर राहिला तर द्रावण त्याच्या खाली पोहोचतच नाही. खरकटे न घासता भांडे नुसते साबणाच्या पाण्यात बुडवावे, तसाच तो प्रकार.

म्हणून क्रम ठरलेला आहे. तपासणी संपताच, रुग्ण अजून टेबलावर असतानाच, नळी बाहेरून पुसायची आणि आतून साबणद्रव ओढून घ्यायचा. मग कुठे गळती आहे का ते पाहायचे. सुटे भाग काढायचे. प्रत्येक वाहिनीतून ब्रश फिरवायचा. स्वच्छ पाण्याने धुऊन द्रावणात ठेवायचे. पुन्हा धुवायचे, हवेच्या झोताने कोरडे करायचे आणि हवेशीर कपाटात उभे टांगायचे. ओलावा राहिला तर वाचलेले दोन-चार जंतू रात्रीत लाखोंनी वाढतात. नवी दुर्बीण ज्या देखण्या पेटीतून येते, त्या पेटीत ती रोज ठेवणेही चूकच. पेटीतला फोम निर्जंतुक करता येत नाही.

बटणे लहान, जबाबदारी मोठी

दुर्बिणीच्या मुठीवर दोन बटणे असतात. एक दाबले की हवा-पाणी सुटते, दुसरे दाबले की आतला द्रव ओढला जातो. चिमटा घालण्याच्या तोंडाशी एक रबरी टोपी असते. शिवाय पाण्याची बाटली आणि काही दुर्बिणींना पाण्याची वेगळी नळी. बटणे तर हाताच्या चिमटीत मावतील एवढी. पण त्यांच्या पोटात छिद्रे असतात, स्प्रिंग असते, खाचा असतात. रुग्णाच्या शरीरातला द्रव थेट त्यांच्यातून जातो. म्हणून दर वेळी ती काढून, घासून, दाबून-सोडून आतपर्यंत धुवावी लागतात.

घोटाळ्याला सुरुवात होते ती इथेच. दिवसभरात चार दुर्बिणी वापरल्या. चारही दुर्बिणींची बटणे काढून एकाच ट्रेमध्ये टाकली. धुऊन झाली. आता कोणते बटण कोणाचे? दिसायला सारखीच! ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याने बसवले. काम तर झाले. पण त्या क्षणी एक दुवा कायमचा तुटला. उद्या तिसऱ्या क्रमांकाच्या दुर्बिणीतून संसर्ग झाल्याची शंका आली, तर तिच्यावर काल कोणते बटण होते आणि परवा ते बटण कोणत्या दुर्बिणीवर होते, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. एका दुर्बिणीचा संशय मग चारही दुर्बिणींवर पसरतो.

आपल्या घरांतून हे शहाणपण फार जुने आहे. स्टीलची भांडी घेतली की दुकानातच त्यांवर नाव घालून घेण्याची पद्धत आहे. का? तर लग्नकार्यात दहा घरची पातेली एकत्र आली तरी ज्याचे त्याला परत मिळावे. धोबीही पूर्वी बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर न पुसली जाणारी खूण करत. शंभर घरच्या कपड्यांत आपला सदरा परत येई तो त्या खुणेमुळे. जी काळजी पातेल्याची आणि सदऱ्याची घेतो, ती पोटात जाणाऱ्या वस्तूची घ्यायला नको का?

ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना याच कारणाने सांगतात, की बटणे आणि त्यांची दुर्बीण यांची जोडी फोडू नये. दोघांना एकच संच समजून एकत्रच धुवावे, एकत्रच ठेवावे. अमेरिकेतील मानकांचाही हाच आग्रह आहे.

एका सुट्या भागाने उडवलेली झोप

हे सारे अतिसावधपणाचे चोचले आहेत, असे कुणाला वाटेल. त्यांनी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील मर्फ्रीसबरो या गावाची हकीकत ऐकावी. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालय आहे. २००८ सालच्या डिसेंबरमध्ये तिथे लक्षात आले, की मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीला जोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर चुकीचा जोड बसवलेला होता. मूळ जोडात पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते. रुग्णाच्या शरीरातला द्रव उलटा फिरून नळीत येऊ नये, हे तिचे काम. चुकीच्या जोडात ती सोय नव्हती. शिवाय ती नळी प्रत्येक रुग्णानंतर बदलली जात नव्हती.

एवढासा तो भाग. पण एप्रिल २००३ ते डिसेंबर २००८ या काळात तिथे मोठ्या आतड्याची तपासणी करून घेतलेल्या सहा हजारांहून अधिक लोकांना पत्रे गेली. 'आपल्याला संसर्गाचा धोका पोहोचला असण्याची शक्यता आहे. कृपया रक्त तपासून घ्या.' मायामी आणि ऑगस्टा येथील अशाच रुग्णालयांतही दुर्बिणींच्या हाताळणीत त्रुटी आढळल्या, आणि पत्रे मिळालेल्यांचा एकूण आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. काहींच्या रक्तात कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचे विषाणू आढळले. ते दुर्बिणीतूनच आले, असे सिद्ध झाले नाही. पण तसे नाही, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकले नाही.

त्या माणसांच्या घरांत काय घडले असेल, याची कल्पना करा. साठी-सत्तरीच्या नवऱ्याच्या हातात ते पत्र, आणि पुढे बसलेली बायको. तपासणीचा निकाल येईपर्यंतचे ते दिवस! २००९ च्या मे महिन्यात तपास पथकांनी न सांगता या खात्याच्या ४२ केंद्रांना भेटी दिल्या. तेव्हा दुर्बिणी धुण्याची लेखी पद्धत हाताशी आहे आणि ती कर्मचाऱ्यांना शिकवल्याची नोंदही आहे, अशी केंद्रे निम्म्याहून कमी निघाली.

नोंदीने पकडलेला चोर

आता दुसरी बाजू पाहू. हॉलंडमधील रॉटरडॅम येथील इरॅस्मस रुग्णालयात २०१२ च्या पहिल्या काही महिन्यांत ३० रुग्णांमध्ये एक चिवट, औषधांना दाद न देणारा जंतू सापडला. कुठून आला, कळेना. रुग्णांच्या नोंदी जुळवून पाहिल्या तेव्हा ३० पैकी २२ जणांमध्ये एक समान धागा दिसला. पित्तनलिका तपासणाऱ्या एका ठरावीक दुर्बिणीने त्यांची तपासणी झाली होती. ती दुर्बीण बाजूला काढून खोलली, तर टोकाच्या न निघणाऱ्या टोपीखाली तोच जंतू दडलेला! ब्रश तिथे पोहोचतच नव्हता. ती दुर्बीण वापरातून काढताच नवे रुग्ण सापडण्याचे प्रमाण पूर्वपदावर आले.

विचार करा, कोणत्या रुग्णाला कोणती दुर्बीण, ही नोंद नसती तर? रुग्णालय भिंती धूत बसले असते, परिचारिकांचे हात तपासत बसले असते आणि खरा चोर रोज नव्या पोटात जात राहिला असता.

लॉस एंजेलिसच्या रोनाल्ड रेगन वैद्यकीय केंद्रातही असेच घडले. ऑक्टोबर २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात तिथे सात जणांना घातक संसर्ग झाला. त्यांतल्या दोघांच्या मृत्यूशी त्याचा संबंध असल्याचे सांगितले गेले. शोध दोन दुर्बिणींपाशी येऊन थांबला आणि १७९ जणांना कळवून त्यांची तपासणी केली गेली. १७९ हा आकडा लहान नाही. पण मर्फ्रीसबरोच्या सहा हजारांशी तो ताडून पाहा. दोन्ही घटना अगदी एकसारख्या नव्हत्या, हे खरे. तरीही 'या दोनच दुर्बिणी आणि हेच लोक' असे म्हणता येणे, याचे मोल त्यातून कळते. ज्यांना धोका नाही त्यांची झोप उडत नाही आणि ज्यांना आहे त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचता येते.

या घटनांमुळे दुर्बिणींच्या रचनेतही बदल झाला. पित्तनलिकेच्या दुर्बिणीची टोपी निघणारी किंवा एकदा वापरून फेकून देण्याजोगी असावी, अशी शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली केली.

वहीसुद्धा पुरते

आता कुणी म्हणेल, हे मोठ्या देशांचे खेळ झाले. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांना संगणकाच्या पट्ट्या आणि यंत्रे कुठून परवडणार? पण यासाठी यंत्रच हवे, असे कुठे आहे? मोठी रुग्णालये बारकोड वापरतात, ते उत्तमच. लहान ठिकाणी एक जाड वही, काही क्रमांकाचे बिल्ले आणि जाळीच्या छोट्या पिशव्या एवढे साहित्यही पुरते.

प्रत्येक दुर्बिणीवर कारखान्याचा क्रमांक असतोच. तिला आपला सोपा क्रमांक द्यावा. समजा, तीन. तिची बटणे, टोपी आणि निघणारे सर्व भाग एका जाळीच्या पिशवीत घालून तिला तीन क्रमांकाचा बिल्ला बांधावा. ही पिशवी दुर्बिणीबरोबरच धुण्याच्या हौदात, तिच्याबरोबरच द्रावणात आणि तिच्याबरोबरच कपाटात जाईल. कपाटात मात्र बटणे दुर्बिणीवर बसवून ठेवायची नाहीत. वाहिन्यांत हवा खेळती राहिली पाहिजे. पिशवी त्याच खुंटीवर शेजारी टांगायची. एखादे बटण झिजले किंवा रबर चिरले, तर नवे बसवल्याची तारीखही त्याच वहीत. एकदाच वापरायच्या टोप्या-बटणांचाही पर्याय आहे. तो घेतला तर ती पुन्हा धुऊन वापरण्याचा मोह मात्र टाळावा.

वहीत रकाने कोणते? तारीख, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, दुर्बिणीचा क्रमांक, संचाचा क्रमांक, गळती तपासली की नाही, धुणाऱ्याचे नाव, द्रावणात घातल्याची आणि काढल्याची वेळ, त्या दिवशी द्रावणाची ताकद पट्टीने तपासली त्याचा निकाल, कोरडे केल्याची खूण, कोणत्या खुंटीवर टांगली, आणि पुन्हा केव्हा, कोणासाठी काढली. एक ओळ लिहायला मिनिटही लागत नाही. मात्र ती त्याच वेळी लिहिली पाहिजे. संध्याकाळी बसून आठवून भरलेली वही ही वही नव्हे, कादंबरी झाली!

हौदापाशी उभा असलेला माणूस

या सगळ्या गोष्टीत एक माणूस नेहमी विसरला जातो. तपासणीच्या खोलीत डॉक्टर असतात, बाहेर नातेवाईक असतात. मागच्या लहानशा खोलीत हौदापाशी उभा असतो तो दुर्बीण धुणारा तंत्रज्ञ, कधी एखादी परिचारिका, कधी वर्षानुवर्षे तिथे काम करणाऱ्या मावशी. द्रावणाच्या वासाने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. बाहेर रुग्णांची रांग असते आणि 'झाली का दुर्बीण?' असा तगादा सुरू असतो. दुर्बिणी थोड्या आणि रुग्ण जास्त, अशा वेळी वीस मिनिटांची बारा मिनिटे कधी होतात, कळतही नाही.

नोंदवही ही या माणसाची वैरीण नव्हे, पाठराखीण आहे. काही विपरीत घडले तर पहिले बोट त्याच्याकडेच वळते. वही असेल तर त्याने आपले काम चोख केले होते, हे दिसते. दुर्बिणी कमी पडत होत्या, दोन तपासण्यांमध्ये धुण्याइतका वेळच दिला जात नव्हता, हेही तीच वही व्यवस्थापनाला दाखवते. चूक माणसाची की व्यवस्थेची, हे नोंदीशिवाय कळणार कसे? मात्र त्यासाठी त्याला हातमोजे, चष्मा, हवेशीर जागा आणि नीट प्रशिक्षण देणे, हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

आपल्याकडे नियमांची उणीव आहे, असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयातील संसर्ग टाळण्यासाठी २०२० साली राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णालयांच्या गुणवत्तेला मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ आहे. कर्नाटकात खासगी रुग्णालयांच्या नोंदणीसाठी २००७ चा कायदा आहे. पण नियम कागदावरून हौदापर्यंत पोहोचतो तो विचारणारा कुणी असला तरच.

विचारायचे कसे?

"एवढ्या मोठ्या डॉक्टरांना असे कसे विचारायचे?" हा आपल्या मध्यमवर्गीय मनाचा पहिला अडसर. पण विचारण्याची रीत असते. आरोप नको, चौकशी हवी. तपासणीच्या दिवशी घाईत नव्हे, आधी वेळ ठरवताना विचारावे:

दुर्बीण प्रत्येक रुग्णानंतर धुऊन निर्जंतुक करता ना, आणि त्याची नोंद ठेवता का?

बटणे आणि सुटे भाग त्या-त्या दुर्बिणीबरोबरच ठेवता का?

माझ्या अहवालावर वापरलेल्या दुर्बिणीचा क्रमांक लिहून मिळेल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अहवालावर तो क्रमांक असला की दुवा आपल्याही हाती राहतो. अहवाल फेकून न देता घरच्या फायलीत जपून ठेवावा. तपासणीनंतरच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला, पोटात असह्य दुखू लागले, तर अंगावर काढू नये. त्याच डॉक्टरांना तपासणीची तारीख सांगून लगेच भेटावे. ज्या ठिकाणी काम चोख असते, तिथे या प्रश्नांचा राग येत नाही. उलट 'या, दाखवतो' असे म्हणून वही पुढे केली जाते.

एक मात्र पक्के लक्षात ठेवावे. हे वाचून कुणी तपासणीच टाळू नये. योग्य रीतीने धुतलेल्या दुर्बिणीतून संसर्ग होणे विरळा. न तपासलेला व्रण किंवा उशिरा कळलेला कर्करोग याहून कितीतरी घातक. विहिरीला कठडा नाही म्हणून कुणी तहानलेले राहत नाही. कठडा बांधून घेतात.

सांगलीच्या त्या आजोबांनीही तपासणी करून घ्यावी. मुलाने फोन लावून आधी तीन प्रश्न विचारावेत. आणि घरी परतताना रिक्षात बसल्यावर, फेज, मेन, क्रॉस, घर क्रमांक असा पूर्ण पत्ता सांगता सांगता, अहवालाच्या कोपऱ्यात दुर्बिणीचा क्रमांक लिहिलेला आहे ना, हे सुनेने एकदा पाहून घ्यावे.